नऊ सी चौदा

भालेराव बाई शनिवारी येतात, नाशिकरोडहून, सिटी बसने.
पर्समध्ये भिंग आणि धुतलेलं सुती फडकं.
तेहतीस वर्षं प्रेसमध्ये नोटांचे ताव तपासले,
आता अंबडला माझ्या शेडमध्ये लोखंड तपासतात.
पैसे घेत नाहीत. चहा घेतात, बिनसाखरेचा,
आणि म्हणतात, कागद काय नि बीड काय,
खोट्याला एकच खोड,
ते जरा जास्तच नीट असतं.

गाडी एकोणसत्तरची मस्टँग.
देवळालीच्या बंगल्यात वीस वर्षं ताडपत्रीखाली,
सीटमध्ये उंदरांची बाळंतपणं झालेली.
निफाडच्या मोगलांनी द्राक्षाच्या पैशातून घेतली
आणि मला बजावलं, सगळं कंपनीचं पाहिजे.
बोल्टसुद्धा.

म्हणून वाचायला शिकलो.
वायरब्रशने काजळी काढली की ब्लॉकच्या कुशीवर
अक्षरं हळूहळू वर येतात,
पूर ओसरताना दुतोंड्या मारुतीचे गुडघे दिसावेत तशी.
नऊ म्हणजे एकोणसत्तर, सी म्हणजे मार्च,
चौदा म्हणजे चौदाच.
त्या दिवशी कुणीतरी साच्यात लोखंड ओतलं
आणि हात पुसून डबा उघडला असेल.
गाडी जुळली मे महिन्यात.
मग सप्टेंबरचा अल्टरनेटर तिच्यात जन्मापासून कसा?
नातू आजीच्या लग्नाला हजर,
तसला प्रकार.

इंजिनमागच्या पत्र्यावर बाईंना
पिवळ्या खडूचा फराटा सापडला,
अर्धा पुसलेला, घाईतला.
पाच मिनिटं काही बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, ही माझ्यासारखीच कुणीतरी.
बघितलं, पुढे सोडलं. शिफ्ट संपत आली असणार.
इथे रंग मारू नकोस.

मोगलांनी मागवलेला कार्बोरेटर विमानाने आला,
नंबर बरोबर, तारीख बरोबर, किंमत दोन म्हशींची.
बाईंनी भिंग ठेवलं. उचललं.
आकड्यांच्या कडा बघ, सगळ्या सारख्या खोल.
हातोडी माणसाच्या हातात असली
की एखादा तीन कलतोच.
परत पाठव.

आणि गेल्या आठवड्यात
स्टिअरिंगखालून तो तुकडा निघाला.
कुठल्याच पुस्तकात नाही.
ट्रकच्या पाट्यातून कापलेला,
कानशीचे ओरखडे उलट्या बाजूने तिरपे,
कारण आबा डावखुरे होते.
चौऱ्याऐंशी साली, सातपूरला, कुणा कर्नलसाठी
त्यांनी एका परदेशी गाडीचं चाक
डावीकडून उजवीकडे आणलं होतं.
घरी जेवताना सांगायचे.
मला वाटायचं, थापा.
कोपऱ्यात पंचचे तीन ठिपके.
आमच्या अडकित्त्यावर तेच आहेत,
आईच्या पत्र्याच्या पेटीवरही.

मोगल म्हणतात, चाक परत डावीकडे जाणार.
बरोबरच आहे. गाडी त्यांची,
आणि शब्द मी दिलाय.

बाईंच्या वहीत दोनच रकाने, अस्सल आणि नकली.
त्यांनी तुकडा तळहातावर तोलला,
ठिपक्यांवरून अंगठा फिरवला, भिंग काढलंच नाही.
ह्याने दुसऱ्या कुणाचं नाव लावलेलं नाही, म्हणाल्या.
मग नकली कसं लिहू?
पण अस्सलही लिहीनात.
पेनचं टोपण बराच वेळ दातांत.
मग बसची वेळ झाली.

मी तो रॉकेलमध्ये बुडवून ठेवलाय,
कशासाठी, ते ठरवलेलं नाही.
वहीत त्या अनुक्रमांकापुढची जागा कोरी आहे,
आणि आज पुन्हा शनिवार.